डॉक्टरांना न दाखवायची वही

८ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

डॉक्टरांनी लक्षणांची वही ठेवायला सांगितली आहे. ठेवली. निळी, दोनशे पानी. तिच्यात रोज 'ठीक' लिहितो. त्यांचं समाधान. ही दुसरी वही माझी. इथे फक्त खरं लिहायचं.

तर खरं असं, की मी, लक्ष्मीकांत, वय त्रेचाळीस, लोणारच्या शाळेत एकोणीस वर्षं शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, पूर्ण फिट आहे. सप्टेंबरात उजवा डोळा धुरकट झाला. तीन आठवड्यांत साफ. नोव्हेंबरात डावा पाय कमरेपासून बधिर. मग संभाजीनगर, एमआरआय, पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड. पाय परत आला. आजाराचं नाव रिलॅप्सिंग-रेमिटिंग मल्टिपल स्क्लेरॉसिस. डॉक्टरांनी वायरचं उदाहरण दिलं. शरीराचीच फौज नसांवरचं कव्हर कुरतडते, करंट नीट जात नाही. अटॅक येतो, ओसरतो, परत येऊ शकतो. मुळापासून जात नाही. पण गोळ्या, व्यायाम आणि आपल्यासारख्या चार लोकांचा आधार, एवढं धरून ठेवलं तर माणूस चांगला जगतो, म्हणाले.

स्नेहलता (पत्नी, पोस्टात काउंटरला) सगळं लिहून घेत होती. मी एकच शब्द घेतला. रेमिटिंग. ओसरणारा.

संकल्प: रोज सरोवराच्या काठाने एक फेरी. गोळ्या दोन वेळा. शाळेत कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर 'मणका'. मार्चपर्यंत आजार संपवणे.

शरीर म्हणजे पाचवी ब. दोनदा ओरडलं की रांगेत येतं.

१० जानेवारी, बुधवार

मेहकरला फिजिओथेरपी. थेरपिस्ट राजकुमार, वय सत्तावीस, पोट सुटलेलं. माझ्या हाताखाली असता तर वीस बैठका दिल्या असत्या. त्याने मलाच एका पायावर उभं केलं. खुर्चीची पाठ धरायची, मग हळूच सोडायची.

चार सेकंद.

मोबाइलच्या स्टॉपवॉचवर विश्वास ठेवू नये, असं माझं जुनं मत आहे.

भिंतीला धरून टाचा उचलणे, मोठ्या चेंडूवर बसणे, सरळ रेषेत चालणे. मध्ये मध्ये आराम. राजकुमार म्हणाला, सर, थकायच्या आधी थांबायचं. एवढं घातक वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. विद्यार्थ्यांच्या कानावर जाता कामा नये.

१७ जानेवारी. दुपारी

तिसऱ्या तासाला स्टाफरूममध्ये डोळे मिटून विचार करत होतो. मुख्याध्यापक महादेवराव यांनी हलवून विचारलं, बरं वाटत नाही का? मी मस्टरवर विचार करत असल्यामुळे मस्टर थोडं ओलं झालं होतं. मणका, म्हणालो.

सरोवराची फेरी अजून सुरू नाही. काठावर थंडी फार.

२६ जानेवारी, शुक्रवार

परेड उत्तम. आवाज खणखणीत. सावधान, विश्राम, सगळं वेळेवर. पाहुणे म्हणून संस्थेचे अध्यक्ष. ते ध्वजाकडे निघाले. मी त्यांच्या पुढे, रुबाबात. 'पीछे मुड' स्वतःलाच दिलं. शरीर वळलं, डावा पाय वळला नाही. आधाराला जे हाती आलं ते धरलं. ती ध्वजाची दोरी निघाली.

ध्वज फडकला. फुलं माझ्या डोक्यावर पडली. पोरांनी शिस्तीत राष्ट्रगीत सुरू केलं. एकोणीस वर्षांचं माझं ट्रेनिंग. अध्यक्ष पाच पावलं लांब उभे, हात अर्धा वर.

नंतर महादेवराव म्हणाले, थोडी सुट्टी घ्या. म्हणजे माझ्या मेहनतीची कुणीतरी दखल घेतली.

घरी आल्यावर स्नेहलता म्हणाली, शाळेत सांगून टाका ना खरं. मी म्हणालो, खरं काय आहे ते आधी ठरू दे.

११ फेब्रुवारी, रविवार

स्नेहलताच्या हट्टाने मेहकरला रुग्णांच्या ग्रुपला गेलो. राजकुमारच्या क्लिनिकमागची खोली, दर महिन्याचा दुसरा रविवार. जिल्हाभरातून आलेले सात-आठ जण. मी मार्गदर्शक म्हणून गेलो, तसं दारातच स्पष्ट केलं. कुणी वाद घातला नाही.

ग्रुप चालवते ती सुचिता. वय एकोणतीस, हातात काठी, साखरखेर्ड्याला कॉम्प्युटर क्लास आहे. आजाराला तेरा वर्षं. मला पाहून हसली. म्हणाली, सर, मले ओळखलं का? मी तुमच्याच शाळेत होते, दहावीले.

तेरा-चौदा वर्षांनी विद्यार्थिनीला आपला चेहरा आठवतो, याला म्हणतात शिक्षक.

मग तिने सगळ्यांना किस्सा सांगितला. मैदानाला पाच फेऱ्या होत्या. ती तिसरीत पडली. उठली, परत पडली. मी म्हणालो, आली नाटक कंपनी, अजून दोन फेऱ्या जादा. तिने त्या पूर्ण केल्या, शेवटची रांगत. दहावी संपेपर्यंत अख्खी शाळा तिला नाटक कंपनी म्हणत होती. पुढे कॉलेजात आजाराचं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुझा पहिला अटॅक बहुतेक तोच.

हे ती हसून सांगत होती. खोलीत सगळे हसले. मीही हसलो. माझं हसू जरा लांबलं, कारण बाकीचे आधी थांबले.

डॉक्टरांचं मत ते डॉक्टरांचं. मला त्यात तथ्य वाटत नाही. फेऱ्या पूर्ण केल्या ना?

१२ फेब्रुवारी

आठवून पाहिलं. नाही आठवत. नाटक कंपनी मी दर वर्षी तीन-चार जणींना म्हणायचो.

४ मार्च, सोमवार

प्रोग्रेस जबरदस्त. पायात मुंग्या नाहीत. एका पायावर अकरा सेकंद. थोडक्यात आजार संपला, सांगितलेल्या मुदतीत.

राहिल्या त्या गोळ्या. एक सकाळी, एक संध्याकाळी. घेतली की वीस मिनिटांनी चेहरा आणि कान असे लाल आणि गरम, की कुणी थोबाडीत दिली असं वाटावं. सातवी अ मध्ये कुजबुज ऐकली, सरांना मॅडमनी मारलं. शिस्तीच्या दृष्टीने हे परवडणारं नाही. गोळ्या आजपासून बंद.

फेकणं बरं नाही, म्हणून शाळेतल्या प्रथमोपचाराच्या जुन्या बरणीत टाकतो. बरणी घरी आणून माळ्यावर ठेवली. स्नेहलता रोज विचारते, गोळी घेतली का? घेतली म्हणतो. खोटं नाही. हातात घेतोच.

राजकुमारलाही कळवलं की आता आठवड्यातून तीनदा येणं जमणार नाही. परीक्षा आहेत. तो म्हणाला, सर, बरं वाटतंय तेव्हाच व्यायाम जास्त कामाचा असतो. धंदा आहे त्याचा, बोलणारच.

१० मार्च, रविवार

ग्रुपमध्ये 'इच्छाशक्ती आणि मज्जासंस्था' या विषयावर बोललो. पन्नास मिनिटं. दोघे झोपले. आजारात थकवा येतो, समजून घेतलं.

चहाच्या वेळी भिमाबाई जवळ येऊन बसल्या. साखरखेर्ड्याजवळच्या. सहा एकर, दोन म्हशी, वय चाळीस. त्यांना आठवड्याला एक सुई. मांडीत स्वतःच्या हाताने टोचून घेतात, मग दोन दिवस ताप. विचारत होत्या, सर, तुमी इतले टवटवीत दिसता, तुमच्या औषधाच्या गोया चालू हायेत ना?

मी आवाज खाली आणून खरं ते सांगितलं. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही.

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, मंग मीबी सुई सोडून पाहू का? तापात म्हशीचं होत नाही मले.

मी हो म्हणालो नाही. हे इथे नोंदवून ठेवतो. मी फक्त म्हणालो, आपल्या शरीराला विचारा.

२५ मार्च, धुळवड

शाळेच्या मैदानावर स्टाफमध्ये गमतीची शर्यत. शंभर मीटर. मी पहिला. दुसरा आमचा शिपाई कडूबा, वय सत्तावन्न. तिसरं कुणी नव्हतं.

कडूबा म्हणाला, सर, तुमाले पुढं जाऊ देलं. मोठ्या मनाचा माणूस असता तर असं बोलला नसता.

१४ एप्रिल, रविवार

ग्रुप. भिमाबाई आल्या नाहीत.

सुचिताने सांगितलं. भिमाबाईंनी चार आठवडे सुई घेतली नाही. मंगळवारी पहाटे म्हशीखाली बसल्या आणि उजव्या हाताची मूठच वळेना. दुधाची बादली सांडली. म्हैस बिथरली, बाई खाली. पाच दिवस सलाइन झालं. पडल्यानं हाड मोडलं नाही. हात अर्धाच परत आला. डॉक्टर म्हणतात, आणखी येईल, न येईल.

मग सुचिता काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, त्याईले कोणीतरी सांगतलं की बंद केलं तरी चालते. कोण सांगतलं, हे मी विचारत नाही. पण ज्यानं सांगतलं त्याले माहीत आहे.

ती माझ्याकडे पाहत होती. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता. राजकुमारला तेल घालायला सांगितलं पाहिजे.

मुद्दे. एक, मी हो म्हणालो नव्हतो. दोन, माझे सहा आठवडे बंद आहेत आणि मला काहीही नाही, म्हणजे दोष बंद करण्यात नसून भिमाबाईंच्या तब्येतीत आहे. तीन, म्हशीजवळ एकटीने जाऊच नये.

विषय बदलणं गरजेचं होतं. मी उभा राहून जाहीर केलं, तीस मे हा या आजाराचा जागतिक दिवस. त्या दिवशी लोणारला भव्य पदयात्रा. पाच किलोमीटर. नेतृत्व मी करीन.

सुचिता म्हणाली, मे महिन्यात? सर, आंग तापलं की आपल्या नसा अजून ढिल्या पडतात. हॉलमध्येच घेऊ ना, कूलरपाशी.

मी म्हणालो, सकाळी सहाला सुरू, सातला संपलं. ऊन उठायच्या आत.

भिमाबाईंना भेटायला जायचं आहे. या आठवड्यात.

२१ एप्रिल

भिमाबाईंकडे जाणं झालं नाही. बस वेळेवर नाहीत.

२० मे, सोमवार

तयारी जोरात. बॅनर छापून आलं. वर आजाराचं नाव, खाली माझा ट्रॅकसूटमधला फोटो. नाव जरा लहान झालं, आजाराचं.

शाळेला आता कळलंच. महादेवराव म्हणाले, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, लायब्ररीचं काम दिलं असतं. मी म्हणालो, सर, हा बरा झालेल्या माणसाचा कार्यक्रम आहे.

डाव्या पायातली चप्पल चालताना मागे राहते. दोन पावलं गेल्यावर कळतं. हल्लीच्या चपलांची क्वालिटी.

स्नेहलता म्हणाली, तुमचा पाय फरफटतो आहे. तिला सुट्टीची गरज आहे, काहीबाही दिसतं.

३० मे, गुरुवार

सकाळी सहा. बसस्टँडसमोर ग्रुपचे पाच जण, शाळेचे तिघे, बँडवाले. संस्थेचे अध्यक्ष झेंडी दाखवणार. सात वाजले. आठ. फोन केला, निघालेच आहेत. बँडवाले नाश्त्याला गेले. सुचिता डोक्यावर ओला पंचा ठेवून पानठेल्याच्या सावलीत बसली. म्हणाली, सर, झालं आता. फोटो काढू आन् घरी जाऊ.

नेता थांबत नसतो. अध्यक्ष पावणेदहाला आले. सव्वीस जानेवारीचा राग होता बहुतेक. झेंडी दाखवून गाडीतूनच गेले.

मी चालू लागलो. घोषणा देत. पहिला किलोमीटर रुबाबात. मग उजव्या डोळ्यात धूर. समोरची दुकानं पुसल्यासारखी. मग डावा पाय माझा राहिला नाही. मी त्याला मोठ्याने लेफ्ट, लेफ्ट म्हणत होतो. मागच्यांना वाटलं घोषणाच आहे. तेही म्हणू लागले, लेफ्ट, लेफ्ट.

रसवंतीसमोर बसलो. बसायचं ठरवलं नव्हतं.

उठता येईना. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, सकाळीच घेतली वाटते मास्तरनं. कुणी मोबाइल काढला. बॅनरवरचा मी माझ्याच मांडीवर पडलो होतो, ट्रॅकसूटमध्ये, हसत.

गर्दी सारून सुचिता आली. काठीने वाट काढत. तिने डोक्यावरचा ओला पंचा काढून माझ्या मानेवर ठेवला आणि रसवंतीवाल्याला बर्फ मागितला. गर्दीला म्हणाली, दारू नाही पेले, आजार आहे, सरका. मग माझ्या शेजारी रस्त्यावरच बसली, कारण तिलाही उभं राहवेना. अर्धा तास रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यावर. एकही शब्द बोलली नाही. निदान त्या किश्शाचा बदला म्हणून तरी काही बोलायला हवं होतं. मी तयार होतो उत्तर द्यायला.

८ जून, शनिवार. संभाजीनगर, हॉस्पिटल

अक्षर वाईट येतं आहे. पेन खराब.

पाच दिवस सलाइन झालं. एमआरआयमध्ये चार नवे डाग. डॉक्टरांनी फाइल पाहिली, निळी वही पाहिली. प्रत्येक पानावर 'ठीक'. विचारलं, गोळ्या नियमित? मी म्हणालो, अगदी.

ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, मग हे औषध तुमच्यावर चाललं नाही. आता याच्या वरचं द्यावं लागेल, जड आहे, त्याचे धोके आहेत.

इथे मी अडकलो. खरं बोललो तर खोटा ठरतो. खोटं बोललो तर जड औषध. विचार करून मी जड औषधाला होकार दिला. माणसाने शब्दाला जागावं.

स्नेहलता उठली. पिशवीतून बरणी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. माळा साफ करताना सापडली म्हणे. मला वाटलं होतं, ती माळ्यावर कधी चढत नाही. डॉक्टरांनी बरणी उजेडाकडे धरली, हलवून पाहिली, खाली ठेवली. रागावले नाहीत. फाइलवर एक शब्द लिहिला. नॉन-कंप्लायंट. मी वाकून वाचला. म्हणजे आज्ञेत न राहणारा. हा शेरा मी दर वर्षी लिहायचो, प्रगतिपुस्तकावर.

कॉरिडॉरमध्ये स्नेहलता म्हणाली, मी समजत होते आजार नसांचा आहे.

व्हीलचेअर मात्र नीट ढकलते.

२४ जून

लोणार. हातात काठी. डाव्या पायाला पट्टा, पाऊल लोंबू नये म्हणून. शाळेत लायब्ररी. मैदान खिडकीतून दिसतं, नवा मुलगा घेतला आहे तात्पुरता, शिट्टी चुकीची वाजवतो.

गोळ्या स्नेहलतासमोर. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. ती बघते, मग पोस्टात जाते.

नवा त्रास आहे तो इथेही लिहीत नाही. फक्त एवढंच, की बाथरूम लांब बांधलं हे बिल्डरचं चुकलं.

राजकुमारकडे परत सुरुवात. पहिल्या दिवशी त्याने काही टोमणा मारला नाही. मला खुर्ची दिली आणि म्हणाला, बसूनच करू सर आज.

१३ जुलै, शनिवार

उद्या ग्रुप. मी निर्णय घेतला आहे. उद्या सगळ्यांसमोर माफी. भिमाबाईंची आणि सुचिताची. मनाचा मोठेपणा यालाच म्हणतात, आणि तो दाखवायला मला लाज नाही. भाषण लिहून काढलं. चार पानं. पहिलं पान, माझी क्रीडा क्षेत्रातली कारकीर्द, म्हणजे पार्श्वभूमी. दुसरं, आजाराशी माझा झुंजार लढा. तिसरं, भिमाबाई. चौथं, सुचिता आणि त्या फेऱ्या.

दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं. दुसऱ्यांदा रुमाल काढावा लागला, पहिल्या पानावरच.

१४ जुलै, रविवार

ग्रुपला गेलो. भिमाबाई आल्या होत्या. उजवा हात मांडीवर उलटा ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

चहानंतर मी खुर्ची धरून उभा राहिलो. म्हणालो, आज मला काही कबूल करायचं आहे. सगळे नीट बसले. पहिलं पान झालं. दुसरं पान अर्धं झालं. 'संकटांपुढे मी कधीही', एवढ्यावर जोर आला. मांड्या आवळल्या. वाचत राहिलो. पुढचं वाक्य संपायच्या आत पँट ओली. मग मोजे. मग फरशी. त्याचा आवाज येतो, हे माहीत नव्हतं.

कागद हातातून पडले.

कुणी हायहाय केलं नाही. कुणी तोंडही फिरवलं नाही. सुचिता वहीतून मान वर न काढता म्हणाली, सर, डाव्या हाताला बाथरूम. कपाटात लुंग्या हायेत, धुतलेल्या. लागतात सगळ्याईले कधी ना कधी. आणि लगेच पुढचा विषय, दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिराची तारीख. सगळ्यांनी पेन काढले.

लुंगी घेऊन बाथरूमच्या दाराशी भिमाबाई आल्या. आत हात करून दिली, डाव्या हाताने. बाहेरूनच म्हणाल्या, सर, गाठ तुमीच मारा. माह्या हातात जोर नाही.

मी गाठ मारली. बाहेर आलो. फरशी पुसलेली होती. भिमाबाई कोपऱ्यात उभ्या, चार ओले कागद दोन बोटांत धरून, पाणी निथळायची वाट पाहत.

विचारलं, सर, हे कागद ठेवायचे हायेत का फेकायचे?

फेका, म्हणालो.